सत्तर अक्षरांत खुशाली

मोठा अंधार म्हटलं की लोक आधी मेणबत्त्या मोजायला घेतात. कोकणात ३ जून २०२०च्या दुपारनंतर ज्यांनी तो काढला त्यांना विचारा, मेणबत्तीचं नाव त्यांच्या यादीत फार खाली येईल. निसर्ग चक्रीवादळ भरदुपारी श्रीवर्धनच्या आसपास किनाऱ्यावर चढलं. वारा ताशी १०० ते ११० किलोमीटर, झोतात १२०. त्या दिवशी उजेड संध्याकाळी सात-सव्वासातपर्यंत होताच. नळाचं पाणी मात्र अंधाराच्या आधी गेलं, आणि रात्र पडेपर्यंत फोनही मुके होत गेले. दोन दिवसांनी वटपौर्णिमा होती. म्हणजे चांदणंही ठरलेलं होतं, ढगांनी दिसू दिलं असतं तर.

श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, मंडणगड, दापोली या पट्ट्यात कित्येक वाड्यांना वीज परत यायला आठवडे लागले. वर लॉकडाऊन. मुंबईतला मुलगा पासाशिवाय गावी येऊ शकत नव्हता आणि गावातल्या आईचा फोन लागत नव्हता. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्याची दृश्यं टीव्हीवर मुंबईला दिसत होती, पण त्या बागेमागच्या घरातली माणसं कशी आहेत हे कळायला वाट नव्हती. अशा वेळी सगळ्यात महाग वस्तू खुशाली असते. उजेडाशिवाय माणूस निभावतो. खुशालीशिवाय दोन्ही टोकांची माणसं वेडीपिशी होतात आणि नको ते धाडस करतात.

आपल्या पिढ्या भारनियमनात घडल्या. त्याला वेळापत्रक होतं. अमुक वाजता जाणार, तमुक वाजता येणार, तोवर इन्व्हर्टर चालवायचा. सवय तीच राहिली, आणि मोठ्या अंधारात ती नडते. म्हणून वीज गेल्यावर पहिला प्रश्न असा: नुसती वीज गेलीय की तारा गेल्यात? १२ ऑक्टोबर २०२०ला सकाळी दहाच्या सुमारास मुंबई बंद पडली, लोकल जागच्या जागी थांबल्या. तेव्हा कळवा-पडघा भागातल्या उच्चदाब वाहिन्यांनी दगा दिला होता. ३० आणि ३१ जुलै २०१२ला उत्तर भारताची ग्रिड कोसळली, दुसऱ्या दिवशी तर पूर्व आणि ईशान्य भागही गेला, साठ कोटींहून अधिक लोक विजेविना होते. पण या दोन्ही वेळी घरापर्यंतचे खांब उभे होते, तिथल्या तारा शाबूत होत्या. जलविद्युत केंद्रासारख्या ठिकाणाहून वीज उभी करायची आणि एकेक भाग जोडत न्यायचा, एवढंच काम. एवढंच म्हणजे सोपं नव्हे, पण ते तासांत मोजायचं. वादळात खांबच झोपतात. तिथला हिशोब दिवसांचा आणि आठवड्यांचा. रस्त्यावर जाऊन चार खांब बघितले की कुठल्या हिशोबात आहोत ते कळतं, आणि फोनची बॅटरी त्याच हिशोबाने खर्चायची.

मोबाइलचा टॉवर वीज गेल्यावर लगेच मरत नाही, हे अनेकांना माहीत नसतं. टॉवरच्या पायथ्याशी जी पत्र्याची कपाटं असतात त्यांतली यंत्रं ४८ व्होल्टच्या डीसीवर, म्हणजे बॅटरीतल्यासारख्या विजेवर, चालतात. वीज असताना रेक्टिफायर तिचं डीसी करतो आणि बाजूच्या बॅटऱ्याही भरत ठेवतो. वीज गेली की भार बॅटऱ्यांवर. त्या नव्या असतील तर काही तास निघतात, थकलेल्या असतील तर तासाभरात मान टाकतात. मग डिझेल जनरेटर, जिथे असेल तिथे. तो तासाला साधारण दोन लिटर डिझेल पितो. म्हणजे दिवसाला पन्नास लिटरच्या आसपास. झाडं पडून रस्ता बंद असेल तर हे पन्नास लिटर डोक्यावरून कोण नेणार? शिवाय टॉवर जागा असून उपयोग नाही, त्याला बाहेरच्या जगाशी जोडणारी फायबर शाबूत हवी, आणि खेड्यांकडे जाणारी फायबर पुष्कळदा विजेच्याच खांबांवर टांगलेली असते. खांब पडला की दोन्ही गेलं. फोनवर रेंजच्या चार दांड्या दिसतात आणि कॉल काही लागत नाही, त्याचं एक कारण हेच. टॉवर तुमच्याशी बोलतोय, पण त्याच्याशी बोलायला पुढे कोणी नाही.

यातून निघणारी गोष्ट अशी की वादळानंतरचे पहिले दोन-तीन तास सोन्याचे असतात. टॉवर अजून बॅटरीवर उभा आहे तोवर खुशाली कळवून टाकायची. नेमके हेच तास आपण पडलेल्या माडाचे व्हिडिओ पाठवण्यात घालवतो.

फोनची बॅटरी रेंज असताना जेवढी जात नाही तेवढी रेंज नसताना जाते. फोन टॉवर शोधत राहतो, अंधुकसा सापडला तर त्याच्याशी पूर्ण ताकद लावून बोलतो. खिशात गरम लागणारा फोन हाच उद्योग करत असतो. म्हणून विमान मोड, आणि ठरलेल्या वेळीच तो काढायचा. सकाळी नऊ, संध्याकाळी सहा, दोन्ही वेळा दहा मिनिटं. ही वेळ समोरच्यालाही माहीत हवी, नाहीतर तुम्ही चालू असताना तो बंद. पाच हजार एमएएचचा साधा फोन अशा शिस्तीत आठवडा सहज काढतो. बटणाचा जुना फोन असेल तर तो आणखी पुढे जातो, पण त्यातलं सिम कुठलं ते बघा. जिओला टूजी नाही, त्यामुळे जुन्या टूजी हँडसेटमध्ये त्याचं सिम चालत नाही. घरात दोन सिमं असतील तर ती दोन वेगळ्या कंपन्यांची असावीत. एकाच कंपनीची चार सिमं म्हणजे एकच टॉवर चौघांनी वाटून घेतलेला.

आपत्तीत सरकार कंपन्यांना एकमेकांचे टॉवर खुले करायला लावू शकतं. इंट्रा सर्कल रोमिंग म्हणतात त्याला. त्याचा फायदा मिळायला फोनमध्ये रोमिंग चालू आणि नेटवर्कची निवड ऑटोमॅटिकवर हवी. तरीही लागलं नाही तर ती निवड हाताने करून यादीतल्या दुसऱ्या कंपनीच्या नावावर बोट ठेवून बघायचं. ११२ची गोष्ट वेगळी. आपल्या सिमला रेंज नसली तरी आसपासच्या कुठल्याही कंपनीच्या टॉवरवरून तो लागू शकतो.

आता निरोपाकडे. कॉलला दोन्ही टोकं एकाच वेळी जागी लागतात आणि मधली वाट तेवढा वेळ मोकळी लागते. व्हॉट्सअ‍ॅपला डेटा लागतो, आणि अर्धमेल्या टॉवरवर डेटाच आधी तुंबतो. साधा एसएमएस मात्र क्षणभर वाट सापडली तरी निघतो, कंपनीच्या केंद्रात जाऊन थांबतो, आणि समोरचा फोन जागा झाला की पोचतो. बँकेचे ओटीपी सोडले तर आपण एसएमएस विसरलो होतो. मोठ्या अंधारात तोच कामाचा.

पण मराठीतून एसएमएस लिहिताना एक गोम आहे. रोमन लिपीत एका एसएमएसात १६० अक्षरं बसतात, देवनागरीत ७०. आणि ही ७० आपण मोजतो तशी नाहीत. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडल्याची खूण, मधली मोकळी जागा, सगळ्यांची जागा वेगळी मोजली जाते. ‘अर्धी’ हा आपल्या लेखी दोन अक्षरांचा शब्द पाच जागा खातो: अ, र, पाय मोडलेली खूण, ध आणि वेलांटी. निरोप ७०च्या पुढे गेला की त्याचे ६७-६७चे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा स्वतंत्र प्रवास करतो. चांगल्या रेंजमध्ये हे कळतही नाही. जेमतेम रेंजमध्ये तीनातले दोन तुकडे पोचतात, तिसरा अडकतो, आणि अनेक फोन पूर्ण निरोप जुळेपर्यंत काहीच दाखवत नाहीत. पाठवणाऱ्याला वाटतं गेला, घेणाऱ्याकडे काही नाही. म्हणून निरोप ७०च्या आतच बसवायचा. उदाहरणार्थ:

‘सगळे सुखरूप. अर्धी कौलं गेली. ताडपत्री पाठव. १४ला सकाळी ९ला सड्यावर.’

हे ६८ भरतं. माणसं कशी आहेत, घर कसं आहे, काय हवंय आणि पुन्हा कधी भेटायचं, चारही गोष्टी आल्या. ‘प्रिय’ नाही, ‘काळजी करू नकोस’ नाही. रविवारी म्हणण्यापेक्षा तारीख बरी, कारण निरोप पाच दिवस उशिरा पोचला तर कुठला रविवार हा प्रश्न पडतो. ज्यांना रोमनमध्ये मराठी लिहायची सवय आहे त्यांनी अशा वेळी खुशाल रोमनमध्ये लिहावं, दुपटीहून जास्त जागा मिळते. भाषेचा अभिमान वीज आल्यावर.

सड्यावर म्हणण्याला कारण आहे. कोकणातली गावं खाली खलाटीत, खाडीकाठी, डोंगराच्या कुशीत. जवळचा टॉवर पडला तरी वर सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाटीवर, गेलं की दहा-पंधरा किलोमीटरवरचा, कधी खाडीपलीकडचा टॉवर पकडतो. निसर्गनंतर माणसं अशीच वर चढत होती. पण प्रत्येकाने आपापला फोन घेऊन चढणं म्हणजे वीस बॅटऱ्या जाळणं. वाडीतला एकजण रोज ठरल्या वेळी वर जाईल, त्याच्याकडे दोन कंपन्यांची सिमं, एक पॉवर बँक आणि एक वही, ही रीत बरी. वहीत रकाने असे: घर कोणाचं, नंबर कोणाचा, निरोप काय, गेला की नाही, उत्तर काय. नंबर पूर्ण दहा आकडी आणि हाताने लिहिलेला हवा. इथेच गाडं अडतं, कारण मुलाचा नंबर आईला पाठ नसतो, तो तिच्या फोनमध्ये असतो, आणि फोन बंद. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागे पाच नंबर पेनाने लिहून ठेवायचं काम आगोटीच्या आधी उरकावं, पापड-फेण्यांबरोबर. पेन बॉलपेनच. शाईचं पावसात टिकत नाही.

मुंबईच्या बाजूनेही थोडी शिस्त लागते. एका वाडीतल्या तीस चाकरमान्यांनी तीस वेळा फोन लावला तर तो वर गेलेला माणूस बोलण्यातच संपतो. तिकडेही एकाने घ्यायचं आणि बाकीच्यांना सांगायचं. आणि कॉल लागला की ‘हॅलो, ऐकू येतंय का’मध्ये पंधरा सेकंद न घालवता पहिल्या श्वासात खुशाली सांगून टाकायची. गप्पा रेंज राहिलीच तर.

जुन्या तांब्याच्या लँडलाइनची इथे आठवण निघणार. ती घरातल्या विजेवर चालत नसे, एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्या तारेवाटे ४८ व्होल्ट पाठवत, म्हणून घरात अंधार असला तरी डायल टोन यायचा. कॉर्डलेसवाल्यांचा मात्र यायचा नाही, त्याच्या बैठकीला सॉकेट लागतं. आता लँडलाइन फायबरवर आली. फायबरच्या वाटेत वीज लागत नाही हे खरं, पण दोन्ही टोकांना लागते. घरातल्या राउटरचं टोक १२ व्होल्टच्या छोट्या यूपीएसवर तीन-चार तास तगतं. पलीकडचं टोक केबलवाल्याच्या दुकानात किंवा इमारतीच्या जिन्यातल्या डबीत असतं, आणि तिथल्या बॅटरीची चौकशी आपण कधी केलेली नसते. मुंबईच्या त्या ऑक्टोबरात घरी यूपीएस असूनही नेट गेलेल्यांचं कोडं बहुधा असंच सुटेल.

बाहेरची खबर आत येण्याची वाट वेगळी. तिथे रेडिओला तोड नाही. दोन पेन्सिल सेलवरचा छोटा ट्रान्झिस्टर रोज तासभर ऐकला तर कित्येक आठवडे पुरतो. फोनमधल्या एफएमवर भिस्त नको. बऱ्याच नव्या फोनांत तो नसतोच, आणि असला तरी इअरफोनची वायर खोचल्याशिवाय लागत नाही, कारण वायर हाच त्याचा अँटेना. मीडियम वेव्ह सूर्य मावळल्यावर लांबून येते. गंमत अशी की पंचक्रोशीतली वीज गेल्यावर रेडिओ उलट स्वच्छ ऐकू येतो. एलईडी बल्ब, चार्जर, इन्व्हर्टर जी खरखर हवेत सोडतात ती बंद झालेली असते. ऐकलेली बातमी नाक्यावरच्या फळ्यावर खडूने लिहायची, आणि शेजारी कुठून कळलं आणि किती वाजता हे लिहायचं. ‘परवा लाइन येणार असं वायरमन म्हणाला’ ही बातमी तीन वाड्या ओलांडते तेव्हा ‘आज रात्री येणार’ झालेली असते, आणि त्या भरवशावर लोक उरलेलं चार्जिंग उडवतात.

हॅम रेडिओवाल्यांचा, म्हणजे स्वतःच्या संचावरून थेट एकमेकांशी बोलणाऱ्यांचा, उल्लेख करायलाच हवा. १९९३च्या किल्लारी भूकंपात आणि २००१च्या भूजच्या भूकंपात या हौशी मंडळींनी निरोप वाहिले. हातातला पाच वॅटचा संच समोर डोंगर नसेल तिथवर पोचतो, दूरच्या पल्ल्याला लघुलहरी आणि झाडावर ताणलेली लांब तार लागते. परवाना मात्र आधी परीक्षा देऊन काढावा लागतो, वादळाच्या आदल्या दिवशी संच विकत आणून भागत नाही.

चार्जिंगचा हिशोब आता आकड्यांत. दहा हजार एमएएचच्या पॉवर बँकेत ३७ वॉट-अवर असतात, पाच हजार एमएएचच्या फोनला १९ लागतात. वाटतं दोनदा भरेल, पण व्होल्टेज वर-खाली करण्यात बराच भाग उष्णतेत जातो, हाती दीड वेळा लागतं, तेही पॉवर बँक नवी असताना. घरातला १२ व्होल्ट, १५० एएचचा ट्युब्युलर बॅटरीवाला इन्व्हर्टर कागदावर १८०० वॉट-अवरचा. बॅटरी खलास करायची नसेल तर त्यातले हजारेक धरावेत. एक साधा पंखा ७५ वॉटचा. तो रात्रभर, आठ तास, चालवला की ६०० गेले. तेवढ्यात वीसेक फोन पूर्ण भरले असते. पहिल्या रात्री सवयीने पंखा लागतो आणि दुसऱ्या सकाळी वाडीतला एकुलता इन्व्हर्टर शिट्टी मारतो, हे फार ठिकाणी होतं. शिवाय इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला तरी स्वतः दहा-वीस वॉट खातो. तेव्हा दिवसातून एकदाच सुरू करायचा, सगळे फोन, टॉर्च, पॉवर बँका एकदम लावायच्या, झाल्या की पुढचं बटण दाबून पूर्ण बंद. आणि रिकामी झालेली लेड-अॅसिड बॅटरी तीन आठवडे तशीच पडली तर आतल्या प्लेटांवर सल्फेट बसतं, मग वीज आल्यावरही ती पूर्वीसारखी भरत नाही. थोडी शिल्लक ठेवून थांबलेलं बरं.

सोलर पॅनेलचं कौतुक जूनच्या कोकणात जपून करावं. दाट ढगांत शंभर वॉटचं पॅनेल दहा-वीस वॉट देतं. फोनाला पुरतं, बाकी स्वप्नं नकोत. गाडी चालू ठेवून १२ व्होल्टच्या सॉकेटवर फोन लावता येतात, मात्र उघड्यावर. बंद शेडमध्ये इंजिन चालवलं तर कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला ना वास ना रंग. हेच जनरेटरचं. पाऊस लागतो म्हणून तो पडवीत घेतला की धूर माजघरात येतो. पत्र्याचं छप्पर करून तो घरापासून दूर, वाऱ्याच्या खालच्या बाजूला ठेवायचा.

गावात जनरेटर बहुधा मंडपवाल्याकडे असतो. तो तासभर लावायचा ठरलं तर नुसते फोन लावून चालू नये. लहान जनरेटर कमी भारावरही तासाला अर्धा-पाऊण लिटर पेट्रोल जाळतोच, मग त्याच तासात विहिरीवरचा पंपही चालवून टाकी भरून घ्यावी. एक एचपीचा पंप चालताना पाऊण किलोवॉटच्या वर घेतो, पण सुरू होतानाचा झटका त्याच्या तीन-चार पट असतो. एक केव्हीएचा जनरेटर तिथे गुरगुरून बंद पडतो. अडीच-तीन केव्हीए हवा. फोनांवर नावाच्या चिठ्ठ्या लावा. एकाच मॉडेलचे काळे सहा फोन असतातच, आणि भांडणं त्यावरून होतात.

आता जी गोष्ट चुकली की माणूस मरतो, ती. जनरेटरची वायर दोन्ही टोकांना प्लग लावून घरातल्या सॉकेटमध्ये खोचायची, म्हणजे सगळ्या घरात दिवे लागतात, ही युक्ती गावोगाव कुणीतरी ‘जाणकार’ सांगतो. त्या क्षणी घरातली वीज मीटरमधून उलटी खांबावर चढते. खांबावरून डीपीत जाते. डीपीतला ट्रान्सफॉर्मर ११ हजारांचे ४३३ व्होल्ट करायला बसवलेला असतो, पण त्याला दिशा कळत नाही. खालून दिलं की तो वर ११ हजार करतो. आणि त्या अकरा हजारच्या तारेला, ती मेलेली आहे असं समजून, तीन गावं पलीकडे एक लाइनमन हात लावत असतो. त्याने उपकेंद्रातून परमिट घेतलेलं असतं, लाइन मधेच तोडणारा एबी स्विच उघडून ठेवलेला असतो. म्हणूनच नियमाने तो कामाच्या दोन्ही बाजूंना डिस्चार्ज रॉड टाकून तारा जमिनीला बांधतो. पण दिवसाला चाळीस खांब उरकायचे असताना पावसात, थकव्यात, एखादी बाजू राहते. आपण मेन स्विच पाडलाय हा भरवसाही पुरा नाही, कारण संध्याकाळी घरातलंच कोणीतरी ‘आली का बघू’ म्हणून तो वर करतं. जनरेटर घराला जोडायचाच तर चेंजओव्हर स्विच हवा, ज्यात दांडा एका वेळी एकाच बाजूला जाऊ शकतो. तो नसेल तर एक्स्टेंशन बोर्ड ओढा आणि वस्तू थेट जनरेटरवर लावा.

‘इतके दिवस का लागतात’ हा राग खरा आहे, पण क्रम समजला की निदान योग्य ठिकाणी रागावता येतं. वीज वरून खाली येते. आधी मोठी पारेषण वाहिनी, मग ३३ हजारची, मग उपकेंद्र, मग ११ हजारचा फीडर, त्याच्या फांद्या, मग डीपी, मग लघुदाबाचे खांब, आणि शेवटी तुमची सर्व्हिस वायर. दवाखाना, पाणीपुरवठा आणि टॉवर ज्या फांदीवर आहेत ती आधी जोडतात. डोंगराच्या टोकाची आठ घरांची वाडी शेवटी येते. एक सिमेंटचा खांब आठ-नऊ मीटरचा, साधारण दीड मीटर जमिनीत जातो. जांभ्याच्या कातळात तो दीड मीटर पहारीने फोडावा लागतो. बागेत क्रेन जात नाही, खांब डझनभर माणसं दोरांवर नेतात. एवढं करून फीडर चार्ज केला की कुठेतरी लोंबणारी माडाची झावळ तारेला लागते आणि सगळं पुन्हा ट्रिप. मग तो फीडर तुकड्या-तुकड्याने जोडत झावळ शोधायची. निसर्गच्या पुढच्या वर्षी, मे २०२१मध्ये, तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याला घासून गेलं, तेव्हा नुकत्याच उभ्या केलेल्या खांबांची परीक्षा लगेच झाली.

गावकऱ्यांनी मदत करायची ती नेमक्या माहितीची. ‘आमच्याकडे लाइट नाही’ असं १९१२ किंवा १९१२०वर सांगून कोणाचं काही हलत नाही. बारा आकडी ग्राहक क्रमांक, डीपीवर रंगवलेला नंबर, किती खांब पडले, किती नुसते कलले, तार कुठे रस्त्यावर आहे, कुठपर्यंत गाडी येते, हे एका कागदावर काढून शाखा कार्यालयात नेऊन द्यायचं. पडलेल्या तारेला, कितीही दिवस वीज नसली तरी, हात लावायचा नाही. कारण वर आलंच.

पाण्याबद्दल थोडक्यात. बोअरवेल विजेविना नुसतं भोक आहे. सहा इंची पाइपात घागर जात नाही आणि आत पंप लटकलेला असताना दुसरं काहीही जात नाही. उघडी विहीर, रहाट आणि धड दोर ज्याच्याकडे आहे त्याच्या दारात वाडी जमते. वादळाने विहिरीत पाला आणि कधी मेलेलं जनावर पडतं, तेव्हा पिण्याचं पाणी खळखळ उकळूनच. फ्रिज न उघडता चार तास गार राहतो, गच्च भरलेला फ्रीझर दोन दिवस. मासळी पहिल्याच दिवशी शिजवून संपवायची, नंतर सुक्यावर यायचं. इन्शुलिनसाठी ओल्या फडक्यातलं मडकं सुचवतात. मार्चमध्ये देशावर ते छान चालतं. जूनमध्ये किनाऱ्यावर हवा आधीच ओली असते, पाणी उडत नाही, मडकं फारसं गार होत नाही. तिथे इन्शुलिन विहिरीच्या कट्ट्याशी किंवा घरातल्या सर्वांत थंड जमिनीवर ठेवावं. चालू असलेली कुपी बहुधा चारेक आठवडे खोलीच्या तापमानात टिकते, पण आपल्या ब्रँडचा कागद वाचून. घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर असेल तर तो साधारण ३५० वॉट घेतो. वर हिशोब केला तो इन्व्हर्टर त्याला तीन तास पुरेल. तिथे वाट न बघता रुग्ण हलवायचा.

पैसे रोख, आणि सुटे. एटीएम, यूपीआय आणि रेशन दुकानातलं अंगठ्याचं मशीन, तिन्ही एकाच टॉवरच्या भरवशावर असतात.

मग एक दिवस आरडाओरडा होतो, लाइट आली. तेव्हाही मेन स्विच खालीच असू द्या. घाईत बांधलेल्या लाइनवर न्यूट्रल, म्हणजे परतीची तार, सैल राहिला असेल तर एका घरात २३०ऐवजी ४००च्या जवळ व्होल्टेज जाऊ शकतं, आणि इतके दिवस जपलेला फ्रिज अर्ध्या मिनिटात जळतो. सगळ्या वस्तूंचे प्लग काढून फक्त एक जुना काचेचा तारेचा बल्ब लावून बघा. तो डोळे दिपवील असा पांढरा पेटला, किंवा शेजारी कोणी काही चालू केलं की फुलतो-विझतो असं झालं, तर मेन बंद आणि वायरमनला हाक. एलईडीवर हे कळत नाही, त्याच्यातलं सर्किट कमी-जास्त व्होल्टेज झाकून घेतं आणि एकदम मरतं. मल्टिमीटर असेल तर उत्तमच. दहा-पंधरा मिनिटं वीज स्थिर राहिली की आधी पंप, त्याचं पहिलं गढूळ पाणी सोडून द्यायचं, मग इन्व्हर्टर, आणि फ्रिज शेवटी.

टॉवर उठला की फोन अडलेले निरोप ओकायला लागतो. व्हॉट्सअ‍ॅप न पोचलेला निरोप तीस दिवस धरून ठेवतं, म्हणून पंधरा दिवसांपूर्वीचं ‘ताबडतोब निघ’ आज सकाळी येऊन उभं राहतं. वरची तारीख वाचल्याशिवाय कोणी एसटीत बसू नये.